फ्रेडीच्या चरित्रातली पाचगणी

झांझिबारहून आठ वर्षांचा एक पारशी मुलगा बोटीने मुंबईला आला आणि घाट चढून पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेच्या वसतिगृहात दाखल झाला. नाव फारोख बलसारा, जन्म 5 सप्टेंबर 1946. घराणं मूळचं गुजरातचं. वडील बोमी झांझिबारच्या ब्रिटिश कचेरीत रोखपाल होते. आईबाप समुद्रापलीकडे, सुट्टीत मुंबईला मावशी आणि आजी. 1963 पर्यंत तो भारतात राहिला. पुढे जगाने त्याला फ्रेडी मर्क्युरी म्हणून ओळखलं, आणि ‘फ्रेडी’ हे नावही पाचगणीच्या शाळासोबत्यांनीच दिलेलं.

इंग्रजीत त्याच्यावर ढीगभर पुस्तकं आहेत. बहुतेकांत या वर्षांच्या वाट्याला थोडकीच पानं येतात. लंडन, त्याचा क्वीन हा बँड, मेजवान्या, आजारपण यांत लेखक रमतात. 2018 च्या ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ या चित्रपटातही कथा सुरू होते ती विमानतळावर सामान उचलणाऱ्या तरुणापासून. गायक मात्र घडला होता त्याच्या कितीतरी आधी, सातारा जिल्ह्यात. आमच्या कर्नाटकातल्या बसवकल्याण-भालकी भागातून दरवर्षी पोरं शिकायला लातूरला, हैदराबादला पाठवली जातात. वसतिगृहात काढलेली वर्षं माणसाच्या अंगात किती मुरतात, हे इथल्या घराघरांत कळतं. म्हणूनच पाचगणीची वर्षं उरकून टाकण्याची ही घाई मला खटकते.

त्या वर्षांत काय घडलं? शाळेने पालकांना कळवलं की जादा फी भरलीत तर मुलाला पियानो नीट शिकवता येईल. तो रीतसर शिकला, परीक्षा दिल्या. शाळेच्या गायनवृंदात गायला, नाटकांत उभा राहिला. टेबल टेनिस उत्तम खेळायचा. सोबती एक आठवण आवर्जून सांगत आले आहेत: रेडिओवर गाणं एकदा कानावर पडलं की तो पियानोवर बसायचा आणि तेच वाजवून दाखवायचा. हा कान म्हणजे त्याची खरी दौलत.

1958 साली पाच मुलांनी बँड काढला, ‘द हेक्टिक्स’. पियानोवर फारोख, गिटारवर डेरिक ब्रान्श, ड्रमवर व्हिक्टरी राणा. फरंग इराणीकडे बास होता, पण कसला? चहाचं रिकामं लाकडी खोकं पालथं घालायचं, त्याला काठी लावायची, काठीच्या टोकापासून खोक्यापर्यंत एक दोरी ताणायची. काठी मागे ओढली की दोरी ताठ होते आणि सूर चढतो, सैल सोडली की उतरतो. एवढ्यावर लिटल रिचर्ड आणि क्लिफ रिचर्डची गाणी व्हायची. यातला क्लिफ रिचर्ड तर लखनौत जन्मलेला, 1948 साली इंग्लंडला गेलेला! शाळेच्या कार्यक्रमांत शेजारच्या शाळेतल्या मुली या पाचांसाठी ओरडायच्या.

आता मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते ती गोष्ट. हेक्टिक्सचा मुख्य गायक फारोख नव्हता, ब्रूस मरी होता. विसाव्या शतकातल्या सर्वांत मोठ्या आवाजांपैकी एक आवाज त्या बँडमध्ये मागे, पियानोवर होता. मुख्य आवाजाखाली दुसरा सूर कुठे ठेवायचा, कधी थांबायचं, ताल ढळला तर सगळ्यांना कसं सावरून घ्यायचं, हे पियानोवर बसणाऱ्याला शिकावंच लागतं. हे शिक्षण पुढे दिसतं. क्वीनच्या 1975 सालच्या ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ या गाण्यात तीनच गळे आहेत: फ्रेडी आणि बँडमधले त्याचे सोबती ब्रायन मे, रॉजर टेलर. फितीवर थरांवर थर चढवून त्यांचा मोठा वृंद उभा केला. गाणं जवळपास सहा मिनिटांचं, ब्रिटनमध्ये सलग 9 आठवडे पहिल्या क्रमांकावर. त्याच्या मसुद्याची पानं 2023 मध्ये लिलावात आली. ब्रिटिश मिडलंड या विमान कंपनीचा छापील कागद, त्यावर पेन्सिल आणि पेनाने लिहिलेल्या, खोडलेल्या ओळी. ‘मंगोलियन ऱ्हॅप्सडी’ असं नाव आधी लिहून काट मारलेली. एवढी खाडाखोड करणारा माणूस लहरीवर जगत नव्हता, तो मेहनती होता.

त्याच गाण्यात ‘बिस्मिल्ला’ हा शब्द येतो. 1978 च्या ‘जॅझ’ या संग्रहातलं पहिलं गाणं ‘मुस्तफा’, तर अरबी, फारसी, इंग्रजी आणि मनाने रचलेल्या शब्दांचं. पाश्चात्त्य समीक्षकांना हा विक्षिप्तपणा वाटला. बसवकल्याणच्या बाजारात उभ्या माणसाला तसं वाटणार नाही. इथे एका वाक्यात कन्नड, मराठी आणि दख्खनी सुखाने नांदतात. या गावी, कल्याणच्या चालुक्य दरबारात, राजा तिसरा सोमेश्वर याने शके 1051 मध्ये, म्हणजे 1129 च्या सुमारास, ‘मानसोल्लास’ रचला. त्यात गीत, वाद्य, नृत्य यांवर स्वतंत्र प्रकरणं आहेत, निरनिराळ्या देशी भाषांतल्या गाण्यांचे नमुने आहेत, आणि महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात हेही नोंदवलेलं आहे. राजाने कांडणाऱ्या बाईचं गाणं ग्रंथात घेतलं, तिचं नाव मात्र उरलं नाही. ज्याचं नाव उरलं आहे, त्याची घडण तरी नीट लिहायला हवी.

1964 च्या जानेवारीत झांझिबारमध्ये क्रांती झाली आणि बलसारा कुटुंब इंग्लंडला, फेल्टमला गेलं. ईलिंगच्या कला महाविद्यालयात फ्रेडीने ग्राफिक कला शिकली. 1970 मध्ये क्वीन उभा राहिला. भारताबद्दल तो फारसा बोलला नाही. त्या काळच्या ब्रिटनमध्ये तपकिरी कातडीच्या मुलाला काय ऐकून घ्यावं लागे, हे ज्यांना ठाऊक आहे ते त्याला दोष देणार नाहीत. 13 जुलै 1985 ला लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर त्याने सुमारे 70 हजारांना वीस मिनिटं आपल्या हाताच्या इशाऱ्यावर गायला लावलं. 24 नोव्हेंबर 1991 ला तो गेला, तेव्हा अंत्यविधी पारशी धर्मगुरूंनी केले.

हेक्टिक्सचे बाकीचे सोबती चारी दिशांना पांगले. ब्रान्श ब्रिटिश दूरचित्रवाणीवर नट झाला. राणा नेपाळच्या सैन्यात मेजर जनरल होऊन सायप्रसमधल्या संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचा प्रमुख झाला. इराणीने पुण्यात उपाहारगृह चालवलं. त्यांच्या आठवणी तुकड्यातुकड्यांनी इंग्रजीत छापून आल्या आहेत. त्या एकत्र करून, शाळेची जुनी वार्षिकं आणि त्या काळचे रेडिओचे कार्यक्रम धुंडाळून, फ्रेडीचं मराठीत एक चरित्र कुणीतरी लिहावं. त्यात पाचगणीचं प्रकरण सर्वांत मोठं असावं.