दुकानातला जुना कॉम्प्युटर घरून उघडायचाय? आधी हे वाचा



तुम्ही माल घ्यायला शहरात गेलाय आणि दुकानातून फोन येतो, "शेठ, या पार्टीची उधारी किती बाकी आहे?" हिशेब मात्र काउंटरवरच्या विंडोज ७ मध्ये. लांबूनच तो कॉम्प्युटर उघडता आला तर? येतो. पण चुकीच्या पद्धतीने उघडलात, तर तो चोरालाही उघडा राहतो.

विंडोज ७ चा सपोर्ट मायक्रोसॉफ्टने १४ जानेवारी २०२० ला थांबवला. म्हणजे आता नवीन भोक सापडलं, तर ते बुजवायला कोणी येणार नाही.

हे अजिबात करू नका

काही जण राउटरमध्ये ३३८९ नंबरचा पोर्ट उघडून विंडोजचं रिमोट डेस्कटॉप थेट इंटरनेटवर ठेवतात. मे २०१९ मध्ये याच रिमोट डेस्कटॉपमध्ये 'ब्लूकीप' नावाचा दोष जाहीर झाला. पासवर्ड माहीत नसतानाही आत शिरता येईल असा! प्रकरण इतकं गंभीर, की सपोर्ट संपलेल्या एक्सपीसाठीसुद्धा मायक्रोसॉफ्टने दुरुस्ती दिली.

सॉफ्टवेअर निवडताना तीन प्रश्न विचारा

१. ताजी आवृत्ती माझ्या विंडोजवर चालते का? क्रोम ब्राउझरची विंडोज ७ साठीची शेवटची आवृत्ती १०९ होती. कुठल्यातरी अनोळखी साइटवरून जुनी आवृत्ती उतरवणं म्हणजे घरफोड्याकडूनच कुलूप विकत घेणं.

२. धंद्यासाठी फुकट आहे का? टीमव्ह्यूअरची फुकट सेवा फक्त खासगी वापरासाठी असते. दुकानाचा वापर त्यात बसत नाही. लायसन्सचा खर्च आधीच हिशेबात धरा.

३. पासवर्डसोबत मोबाइलवरचा कोड मागतं का? नसेल, तर पुढचं बघा.

मग मार्ग काय?

आधी बिलिंग सॉफ्टवेअरवाल्याला फोन करा. नव्या सिस्टीमवर त्याचं सॉफ्टवेअर चालत असेल तर तिकडेच जा, प्रश्न मिटला.

जुनं मशीन सोडता येतच नसेल, तर शेजारी एक साधा, अपडेट मिळणारा कॉम्प्युटर ठेवा. लांबून फक्त त्यावर लॉगिन करायचं आणि तिथून दुकानातल्या दुकानात जुन्या मशीनवर जायचं. यासाठी जुन्यावर विंडोज ७ प्रोफेशनल किंवा अल्टिमेट हवं, होम आवृत्तीत रिमोट डेस्कटॉपने आत येता येत नाही. जुन्याचं इंटरनेट राउटरमधून बंद करा. जीएसटी, बँक, ईमेल सगळं नव्यावर. रोजचा बॅकअप पेनड्राइव्हवर घ्या आणि पेनड्राइव्ह काढून ठेवा. लावून ठेवला, तर व्हायरस तोही खाईल.

स्टाफला हे नक्की सांगा

"बँकेतून बोलतोय, ॲप टाका आणि कोड सांगा" असा फोन आला, तर सरळ कट करायचा. फेब्रुवारी २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने एनीडेस्कच्या नावाने होणाऱ्या फसवणुकीबद्दल इशारा दिला होता. ॲप तेच असतं, पण कोड कोणाला दिला यावर सगळं अवलंबून! पैसे गेलेच, तर वेळ न घालवता १९३० ला फोन करा.

गल्ल्याला तुम्ही कुलूप लावताच ना? उधारीची वही आता कॉम्प्युटरमध्ये आहे. तिलाही तेवढंच जपा.

तुमच्या दुकानात कुठलं विंडोज आहे, कमेंटमध्ये लिहा. भेटू पुढच्या व्हिडिओत!