नाव ठेवलं कुणी?

गेल्या महिन्यात एका रविवारी माहेरी डोकावले. माझं माहेर सोलापुरातच, रिक्षाने पंधरा मिनिटांवर. एरवी ‘आत्या आली’ म्हणून दारातच गळ्यात पडणारी भाची खोलीचं दार लावून बसली होती आणि स्वयंपाकघरात वहिनी भांडी जरा जास्तच जोरात ठेवत होत्या. चहा हातात आल्यावर कारण कळलं. वजन कमी करायचं म्हणून पोरीने मैत्रिणींबरोबर डान्स क्लास लावला होता, आणि तो निघाला बेली डान्सचा.

“पोट हलवायचा नाच! बाई बाई, नावच कसलं ते,” वहिनी म्हणाल्या. “उद्या हिच्या लग्नाचं बघायला लागलो की लोक काय म्हणतील?” आईने जपमाळ ओढता ओढता निकाल देऊन टाकला, “तमाशाच की तो. फक्त परदेशातला.”

मग दोघींनी माझ्याकडे पाहिलं. मी चार ओळी लिहिते म्हणजे मला सगळं ठाऊक, असा आमच्या घरात एक समज आहे. मला यातलं काही म्हणजे काहीच ठाऊक नव्हतं. घरी येऊन वाचायला बसले, आणि वाचता वाचता आईचं वाक्य काही डोक्यातून जाईना. कारण तिने रागात म्हटलं ते बरंचसं खरं निघालं. फक्त तिला वाटत होतं त्या अर्थाने नाही.

पहिली गंमत नावाचीच. जिथे हा नाच जन्मला त्या इजिप्तमध्ये त्याला ‘पोटाचा नाच’ असं कुणी म्हणतच नाही. तिथे घरगुती नाचाला म्हणतात ‘रक्स बलदी’, म्हणजे आपल्या मातीतला, आपल्या गावचा नाच. स्टेजवरच्या नाचाला म्हणतात ‘रक्स शर्की’, म्हणजे पूर्वेकडचा नाच. मग हे ‘बेली’ आलं कुठून? तर फ्रेंच लोकांकडून. एकोणिसाव्या शतकात जे प्रवासी आणि चित्रकार तिकडे गेले, त्यांना त्या सगळ्या नाचात एक पोटच तेवढं दिसलं. त्यांनी त्यावरून फ्रेंचमध्ये नाव पाडलं आणि त्याचंच इंग्रजी होऊन ‘बेली डान्स’ झालं. आपल्या मराठीत ‘नाव ठेवणं’ या शब्दाला दोन अर्थ आहेत ना? या नाचाच्या बाबतीत ते दोन्ही अर्थ एकाच वेळी खरे झाले.

हा नाच पाच हजार वर्षांपूर्वीचा, देवीच्या देवळातला, बाळंतपणासाठीचा, असं बरेच जण छातीठोकपणे सांगतात. इजिप्तच्या जुन्या थडग्यांच्या भिंतींवर नाचणाऱ्या बायका आहेत हे खरं, पण त्या हाच नाच नाचत होत्या याला पुरावा नाही. पुराव्याने जे सांगता येतं ते गेल्या दोन-अडीचशे वर्षांतलं, आणि तेही काही कमी नाही.

त्या काळी तिथे दोन तऱ्हेच्या कलावंत बायका होत्या. एक ‘अवालिम’. एकीला म्हणायचं ‘आलिमा’, म्हणजे शिकलेली, जाणती. आपला ‘तालीम’ हा शब्द त्याच अरबी धातूवरून आलाय. या बायका मोठ्या घरांच्या जनानखान्यात जाऊन गायच्या, नाचायच्या, समोर बसलेल्या असायच्या बायकाच. दुसऱ्या ‘गवाझी’. त्या चेहरा न झाकता चौकात, लग्नाच्या वरातीत, पीरबाबांच्या उरुसात नाचायच्या. आणि या दोघींशिवाय तिसरी होती घरोघरची साधी बाई. लग्नाआधीच्या मेंदीच्या रात्री अंगभर झग्यावरून कमरेला ओढणी घट्ट बांधायची आणि मैत्रिणींच्या टाळ्यांवर उठून नाचायचं. आपल्याकडे हळदीच्या रात्री मोठ्या जाऊबाई पदर खोचून उठतात, अगदी तसंच. घरच्या बायकांचा हा नाच तिथे आजही चालतो.

मग १८३४ साली इजिप्तचा राज्यकर्ता महंमद अली याने कैरो शहरात बायकांच्या नाचावर बंदी घातली आणि नाचणाऱ्यांना दक्षिणेला एस्ना, केना, अस्वान अशा लांबच्या गावी धाडलं. नाच बंद झाला का? छे! शहरात बायकांचे कपडे घालून पुरुष नाचायला लागले. हे वाचलं आणि मला आपल्या तमाशातला ‘नाच्या पोऱ्या’ आठवला.

एस्नाच्या त्या नाचणाऱ्यांपैकी एकीला १८५० साली फ्रेंच लेखक फ्लोबेर भेटला. त्याने तिच्याबद्दल भरभरून लिहिलं आणि ती जगभर प्रसिद्ध झाली. ‘कुचुक हानेम’ हे तिचं नाव. पण तुर्कीत त्याचा अर्थ होतो फक्त ‘छोट्या बाई’. म्हणजे आपण ‘छोट्या वहिनी’ म्हणतो तसं. तिचं खरं नाव कुणी लिहूनच ठेवलं नाही, आणि तिला स्वतःला काय वाटत होतं तेही कुणी विचारलं नाही.

पुढे १८९३ साली अमेरिकेत शिकागोला मोठं जागतिक प्रदर्शन भरलं. त्याच निमित्ताने झालेल्या सर्वधर्म परिषदेत स्वामी विवेकानंदांचं भाषण झालं, ते आपण शाळेत शिकलो. त्याच प्रदर्शनात कैरोची एक गल्ली उभारली होती आणि तिथे हा नाच तिकीट लावून दाखवत होते, हे मात्र आपल्याला कुणी शिकवलं नाही. कमरेला श्वास कोंडेल इतक्या घट्ट दोऱ्या आवळलेल्या तिथल्या बायकांच्या समोर ह्या मोकळ्या कमरेच्या बायका! ‘बंद करा’ अशी ओरड झाली आणि तिकिटंही धडाधड खपली.

आज आपण सिनेमात पाहतो तो चमचमता दोन तुकड्यांचा पोशाखही जुना नाही. १९२६ साली कैरोत बदिया मसाबनी नावाच्या बाईंनी स्वतःचं नाट्यगृह काढलं. अंगणात बाई एका जागी नाचायची, आता मोठं स्टेज मिळालं. मग पावलं फिरू लागली, हात वर गेले, मागे मोठा वाद्यवृंद आला आणि पाश्चात्त्य रंगमंचावरून, सिनेमावरून तो पोशाखही आला. तहिया कारियोका, सामिया गमाल या दोघी तिथूनच पुढे आल्या आणि इजिप्तच्या सिनेमात गाजल्या. तहिया तर आपल्या राजकीय मतांसाठी तुरुंगातही जाऊन आली.

आता सांगा मैत्रिणींनो, ही गोष्ट कुठेतरी ऐकल्यासारखी वाटते की नाही?

आईने ‘तमाशाच की तो’ म्हटलं, म्हणून आपल्या सोलापूरकडेच बघू. लावणीचे मोठे शाहीर राम जोशी आपल्या याच गावचे. वैदिक ब्राह्मणाच्या घरात जन्म, आणि नाद लागला तमाशाचा. घरच्यांचा रोष झाला. पंढरपूरला जाऊन संस्कृत शिकले, पण शेवटी डफ-तुणतुण्याकडेच वळले. त्यांच्यावर १९४७ साली सिनेमाही निघाला. त्या काळी फडात बाईचं सोंग पुरुषच घ्यायचे. पुढे पठ्ठे बापूरावांबरोबर पवळा बोर्डावर उभी राहिली, तमाशात आलेल्या पहिल्या स्त्रियांपैकी ती एक. पण फरक बघा. लावणी लिहिणारा ‘शाहीर’ झाला आणि तीच लावणी पायात चाळ बांधून घामाघूम होत लोकांपर्यंत नेणारी ‘नाचणारी’ झाली. एकाला पदवी आणि दुसरीला शिवी!

स्वातंत्र्याच्या सुमारास आपल्याकडेही सरकारने तमाशावर बंदी घातली होती. मग अटी घालून ती उठवली. पुढे लावणी सिनेमात गेली. १९५९ च्या ‘सांगत्ये ऐका’ला आणि १९७२ च्या ‘पिंजरा’ला आपल्या घरच्या बायका नटूनथटून गेल्या. पडद्यावरची लावणी चालली, तंबूतली नाही.

त्या तंबूतल्या सम्राज्ञी विठाबाई नारायणगावकर यांचा जन्म १९३५ सालचा, आपल्या पंढरपूरचा. दिवस भरलेले असताना त्या नाचत होत्या, कळा आल्या तशा आत गेल्या, बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या, ही हकीकत महाराष्ट्रात घरोघरी सांगतात. त्यांना राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव मिळाला. अखेरचे दिवस मात्र पैशाच्या ओढाताणीत गेले. २००२ साली त्या गेल्या, आणि आता राज्य सरकार त्यांच्या नावाने पुरस्कार देतं.

करमाळा तालुक्यातल्या किशोर शांताबाई काळे यांचं ‘कोल्हाट्याचं पोर’ १९९४ साली आलं. आई तमाशात नाचणारी, बापाचं नाव नाही, म्हणून त्यांनी आईचं नाव लावलं आणि ते डॉक्टर झाले. ज्या समाजाच्या पोरींनी पिढ्यान्‌पिढ्या लावणी जपली, त्यांच्यात नाचणारीचं लग्न होत नसे. वहिनींची काळजी होती, ‘लग्नाचं बघताना लोक काय म्हणतील’. त्या बायकांच्या बाबतीत लोकांनी काहीच म्हणायचं बाकी ठेवलं नव्हतं.

आणि आता? १९९३ पासून अकलूजला राज्य पातळीवरची लावणी स्पर्धा भरू लागली, नाट्यगृहांत ‘फक्त महिलांसाठी’ लावणीचे खेळ लागले. गॅदरिंगमध्ये कुठल्याही घरची मुलगी नऊवारी नेसून लावणी करते आणि आपण कौतुकाने मोबाइल वर धरतो. छानच आहे. पण नाच आपण घेतला आणि नाव मात्र अजून तिलाच ठेवतो, हे काही बरोबर नाही. कैरोतही तेच. लग्नात नाचणारी हवी, पण सून म्हणून नको.

हे सगळं मी पुढच्या रविवारी जाऊन घरी सांगितलं. आई ऐकत होती, बोलली काहीच नाही. मग मीच विचारलं, “आई, त्या महिलांच्या खेळाला मी तुला घेऊन गेले होते. खुर्चीवरून उठून शिट्टी कुणी मारली होती?” भाची खोलीतून धावत बाहेर आली. “आजी, तू? शिट्टी?” आई पदर तोंडाला लावून हसत सुटली. “सगळ्या बायकाच होत्या की गं,” एवढंच म्हणाली. मला वाटतं, सगळ्या इतिहासाचं सार त्या एका वाक्यात आलं. बघणारं कोण आहे यावर नाच बदलतो. बायकांच्या घोळक्यात ज्याची लाज वाटत नाही, ती लाज बाहेरून कुणीतरी आणून टाकलेली असते.

वहिनी एकदम विरघळल्या असं नाही. त्यांनी अट घातली, “पोट झाकून नाचायचं.” मी म्हटलं, “अहो वहिनी, रक्स बलदी तसाच असतो. अंगभर कपडा आणि कमरेला ओढणी.” पुढच्या महिन्याची फी त्यांनीच दिली. ओढणीही त्यांच्याच कपाटातली गेली.

परवा आम्ही सगळे गाडीने पुण्याला निघालो होतो. वाटेत मोडनिंब आलं. रस्त्याच्या कडेला कलाकेंद्राची पाटी दिसली, तशी भाचीने विचारलं, “इथे काय असतं गं आई?” हे गाव आलं की एरवी आमच्या गाडीत एक तर कुणीतरी मिश्कील हसतं, नाही तर विषय बदलतं. वहिनी म्हणाल्या, “इथे त्या लावणीच्या बायका राहतात.” मग खिडकीतून बाहेर बघत, जरा थांबून, त्यांनी स्वतःचं वाक्य स्वतःच दुरुस्त केलं.

“कलावंत राहतात.”