मित्रकीटकांची ओळख – भाग ६ : दीड मिलिमीटरची गांधीलमाशी फोटोत कशी ओळखायची?

मागच्या भागात द्राक्षावरचा पिठ्या ढेकूण पाहिला. आज त्याच्या अंगात अंडी घालणाऱ्या सूक्ष्म गांधीलमाशीकडे वळू. पिंपळगाव बसवंतच्या बागांत वेलीची सुटलेली साल काढताना ढेकणांच्या पांढऱ्या पुंजक्यात एखादं कडक, फुगीर, तपकिरी कवच दिसतं. तो मेलेला ढेकूण. त्याच्या टोकाला गोल भोक असेल, तर आत वाढलेली माशी बाहेर पडून गेली आहे.

ही माशी जेमतेम दीड-दोन मिलिमीटरची. मोबाइलच्या फोटोत ती चिलटच वाटते आणि तिच्याकडे दुर्लक्ष होतं. म्हणून आधी मिशा पाहा. हिच्या मिशा कोपरातून दुमडलेल्या असतात, चिलटाच्या तशा नसतात. मग पंख: त्यात शिरांचं जाळं नसतं, पुढच्या कडेने जवळपास एकच शीर धावते. मधल्या पायावर जाड काटा दिसला आणि बोट जवळ नेताच ती उडी मारून गेली, तर ती एनसिर्टिडी कुळातली असण्याची शक्यता मोठी. याच कुळातल्या ॲनागायरस वंशाच्या बहुतेक माद्यांत मिशीचा बुंधा रुंद, चपटा आणि काळा-पांढरा असतो. द्राक्षावरच्या पिठ्या ढेकणाचा नायनाट करणारी ॲनागायरस डॅक्टिलोपी याच वंशातली. नर मात्र इतका वेगळा दिसतो की तो दुसरीच जात वाटावा.

चांगल्या फोटोवरून कुळापर्यंत, कधी वंशापर्यंत जाता येतं. जात सांगायला बहुतेक वेळा सूक्ष्मदर्शक लागतोच. टोमॅटोतल्या फळ पोखरणाऱ्या अळीसाठी आपण ज्यांची कार्डं लावतो, त्या ट्रायकोग्रामा या गांधीलमाशीचं उदाहरण घ्या. लांबी अर्धा मिलिमीटर. पूर्वी रंग आणि आकारावरून जाती ठरवत. पण तापमान बदललं, यजमान अंडं (ज्यात ती वाढते ते किडीचं अंडं) बदललं की रंग-आकारही बदलतो. बंगळूरच्या सुधा नागरकट्टी आणि एच. नागराजा यांनी १९७१च्या सुमारास दाखवून दिलं की नराच्या जननेंद्रियाची रचना ही भरवशाची खूण आहे. ती मोबाइलच्या फोटोत दिसणं शक्य नाही. म्हणून नुसत्या फोटोवरून कोणी ठामपणे ‘ट्रायकोग्रामा चिलोनिस’ म्हणाला, तर विश्वास ठेवू नका.

माझ्या मते माशीपेक्षा तिच्या यजमानाचा फोटो जास्त बोलतो. काळं पडलेलं अंडं, भोक पडलेलं कवच, अळीच्या अंगावरचे पांढरे कोष, शेजारी मोजपट्टी आणि पिकाचं नाव: एवढं असलं की तज्ज्ञाचं निम्मं काम होतं. उरलेलं काम बाटली करते. ढेकूण असलेली फांदी काचेच्या बाटलीत ठेवा, तोंडाला बारीक विणीचं कापड बांधा, बाटली सावलीत ठेवा. माश्या बाहेर पडल्या की अल्कोहोलमध्ये टाका आणि आत पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी ठेवा: गाव, पीक, तारीख. मात्र बाहेर आलेली प्रत्येक माशी मित्रच असेल असं नाही. काही जाती या मित्रमाशीवरच वाढतात. म्हणूनही नमुना तज्ज्ञाने तपासायला हवा. बंगळूरच्या राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्यूरोत अशा कीटकांची ओळख पटवण्याचं काम चालतं.

एकच विनंती आहे. पिठ्या ढेकूण दिसला की लगेच पंप पाठीला लावू नका. आधी भिंगातून तपकिरी कवचं शोधा आणि फोटो काढून ठेवा. फवारणीनंतर ही माशी शोधायला गेलात, तर बहुधा सापडणार नाही.