बटण एकदाच दाबलं होतं

गेल्या महिन्यात दुसऱ्या वर्षाच्या बॅचचं प्रॅक्टिकल चालू होतं. सांगोल्याकडचा एक मुलगा ८०५१ चिप, एक बटण आणि आकडा दाखवणारा सेव्हन सेगमेंट डिस्प्ले जोडून बसला होता. बटण दाबलं की आकडा एकने वाढायचा, नऊनंतर पुन्हा शून्य, एवढंच काम. त्याने बटण दाबलं आणि आकडा चारवरून थेट नऊवर गेला. पुन्हा दाबलं, तर नऊचा दोन झाला. "मॅडम, सिम्युलेशनमध्ये बरोबर चालत होतं," तो कळवळून म्हणाला. प्रोग्राम त्याने तीनदा तपासला होता, वायरी काढून पुन्हा लावल्या होत्या. आता चिपच गेली असणार, असं ठरवून तो स्टोअरमधल्या मामांकडे नवी मागायला निघाला होता.

मी त्याला थांबवलं. म्हटलं, बटणाच्या पायाला सीआरओचा प्रोब लाव आणि मग दाब.

व्होल्टेज कसं बदलतं ते दाखवणाऱ्या सीआरओच्या स्क्रीनवर जे उमटलं ते तो बराच वेळ पाहत राहिला. बटण दाबताच व्होल्टेज पाचवरून शून्यावर यायला हवं होतं. ते आलं, पण उसळून वर गेलं, पुन्हा खाली आलं, पुन्हा वर, आणि मग कुठे शून्यावर टेकलं. बटणाच्या आत धातूच्या छोट्या पट्ट्या असतात. फरशीवर पडलेली स्टीलची वाटी थडथडत थांबते, तशा त्या एकमेकींवर आपटून थांबतात. आम्ही याला बाउन्सिंग म्हणतो. सगळा प्रकार जेमतेम पाच मिलिसेकंदांचा. आपल्या बोटाला तो कळत नाही, पण बारा मेगाहर्ट्झचा क्रिस्टल लावलेल्या ८०५१ ची एक मशीन सायकल एका मायक्रोसेकंदाची असते. पाच मिलिसेकंदांत अशा पाच हजार सायकल होतात. पट्टी जितक्या वेळा टेकली तितक्या वेळा चिपने इमानदारीने मोजलं. चिप बरोबर होती, प्रोग्रामही चुकला नव्हता.

ॲडमिशनचे दिवस आले की नात्यातल्या, शेजारपाजारच्या आईवडिलांचे मला फोन येतात. कॉम्प्युटर घ्यावं की ईएनटीसी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन? आणि ही नवी इलेक्ट्रॉनिक्स अँड कॉम्प्युटर नावाची शाखा म्हणजे काय, दोन्ही अर्धं अर्धं शिकवतात का? बावीस वर्षं ही लॅब घेतल्यावर मी त्यांना हे बटणच सांगते. त्या मुलापुढे दोन उपाय होते. एक, बटणाला दहा किलोओहमचा रेझिस्टर आणि एक मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावायचा. त्या जोडीला भरायला-रिकामं व्हायला दहा मिलिसेकंदांच्या घरात वेळ लागतो आणि तेवढ्यात थडथड गिळली जाते. दुसरा उपाय म्हणजे प्रोग्राममध्ये दोन ओळी घालायच्या: बटण दाबलेलं दिसलं की वीस मिलिसेकंद थांब आणि पुन्हा बघ. पहिला उपाय इलेक्ट्रॉनिक्सचा, दुसरा कॉम्प्युटरचा. एक लाख यंत्रं बनवायची असतील तर प्रत्येकातल्या कपॅसिटरचा पैसा मोजावा लागतो, तिथे दोन ओळी फुकट पडतात. पण त्या वीस मिलिसेकंदांत चिपला दुसरं काही निकडीचं करायचं असेल, तर त्याच दोन ओळी महागात जातात. हा निर्णय ज्याला समजून घेता येतो, तो या शाखेचा इंजिनिअर.

तिथवर पोचायला चार वर्षं लागतात. पहिलं वर्ष बरंचसं गणित आणि फिजिक्समध्ये जातं. मग डायोड, ट्रान्झिस्टर येतात आणि रेझिस्टरवरचे रंग पाठ होतात: काळा शून्य, तपकिरी एक, तांबडा दोन. त्यानंतर लॉजिक गेट्स. या ठिकाणी मी नेहमी थोडी रेंगाळते. जॉर्ज बूलने १८५४ साली तर्काचं बीजगणित मांडणारा ग्रंथ लिहिला. खरं आणि खोटं, आणि, किंवा, नाही. एवढ्यावर त्याचं गणित उभं होतं. त्याच वर्षी पुण्यात इंजिनिअरिंगचा वर्ग सुरू झाला, ज्याचं पुढे सीओईपी हे इंजिनिअरिंग कॉलेज झालं. बूलच्या गणिताचा सर्किटांशी संबंध लागायला मात्र १९३७ साल उजाडलं. एमआयटीत एमएससाठी लिहिलेल्या प्रबंधात क्लॉड शॅननने दाखवून दिलं, की स्विच आणि रिले यांची जोडणी बूलच्या नियमांनी मांडता येते. एका मागे एक दोन स्विच म्हणजे 'आणि', शेजारी शेजारी दोन स्विच म्हणजे 'किंवा'. जिन्यातला दिवा खालून आणि वरून लावता येतो, त्यातही हेच गणित आहे. हे पहिल्यांदा उमगतं तेव्हा मुलांचे डोळे बदलतात. मी दरवर्षी ते पाहते आणि दरवर्षी मला तितकाच आनंद होतो.

पुढे सी भाषा, मायक्रोकंट्रोलर, सिग्नल्स. डिजिटल टेलिफोनमध्ये आपला आवाज सेकंदाला आठ हजार वेळा मोजला जातो आणि त्या आकड्यांतून पलीकडे पुन्हा आवाज उभा राहतो. आठ हजारच का, याचं उत्तर एम-थ्रीच्या, म्हणजे गणिताच्या तिसऱ्या पेपरात असतं, ज्यात निम्मा वर्ग अडकतो. त्यातलं फूरियरचं गणित सुटं शिकवलं तर ते रुक्षच वाटणार, त्यात मुलांचा दोष नाही.

तिसऱ्या वर्षाच्या मुलांना मी नारायणगावजवळ खोडदला घेऊन जाते. तिथली जीएमआरटी ही दुर्बीण गोविंद स्वरूप यांनी उभी केली. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या, काही मध्यभागी एकत्र आणि बाकीच्या तीन दिशांना पंचवीस किलोमीटरच्या पट्ट्यात पसरलेल्या. आकाशातून येणारे रेडिओ तरंग इतके क्षीण असतात, की खिशातले मोबाइल आधी बंद करावे लागतात. तबकडीपाशी तो तरंग प्रथम ॲम्प्लिफायरला भेटतो. तिथे सर्किटाने स्वतःची खरखर मिसळली तर पुढचा कुठलाही संगणक ती वेगळी काढू शकत नाही. मग फायबरवरून सगळ्या तबकड्यांचे सिग्नल मध्यवर्ती इमारतीत येतात आणि प्रत्येक तबकडीची प्रत्येकीशी तुलना होते. तीस तबकड्यांच्या जोड्या होतात चारशे पस्तीस. पूर्वी हे काम खास बनवलेली सर्किटं करत, नंतर ते संगणकांवर आणि सॉफ्टवेअरवर गेलं. ऊसमळ्यांमधून दिसणाऱ्या त्या जाळीदार तबकडीखाली उभं राहिल्यावर, अर्धं कुठलं आणि अर्धं कुठलं, हे मुलं विचारत नाहीत.

एक गोष्ट मात्र मला मनापासून डाचते. कितीतरी मुलं सोल्डरिंग गन हातात न धरता शेवटच्या वर्षाला येतात. मागच्या बॅचची जर्नल्स उतरवायची, सबमिशनच्या आदल्या रात्री रीडिंग भरायची, ओरलला चार ठरलेली उत्तरं द्यायची. मी स्वतः विद्यार्थिनी असताना आमच्या कॉलेजात दहा जणांत एक सीआरओ होता आणि प्रोब ज्याच्या हातात असेल तोच शिकायचा. मी पहिली दोन वर्षं मागे उभी राहून रीडिंग लिहून घेतली. त्याची भरपाई मी नोकरीला लागल्यावर, सुट्टीच्या दिवशी पुण्यातल्या तपकीर गल्लीतून सुटे भाग आणून घरी केली. म्हणून आता माझ्या लॅबमध्ये तिघांना एक बोर्ड, आणि प्रोब दर प्रॅक्टिकलला हात बदलतो.

सांगोल्याकडच्या त्या मुलाने बटणाचे दोन्ही उपाय करून पाहिले. मध्येच त्याने विचारलं, "मॅडम, आमच्या विहिरीवरचा स्टार्टर व्होल्टेज कमी असलं की थरथरतो, तेही हेच का?" मी म्हटलं, कारण वेगळं आहे. तिथे कॉइलची ओढ कमी पडते, म्हणून कॉन्टॅक्ट धरत-सोडत राहतो. पण टेकणं आणि सुटणं तेच, आणि दर सुटण्याला ठिणगी पडून कॉन्टॅक्ट जळतो. त्याने ते वहीत आकृतीसकट लिहून घेतलं.

मग त्याने आकडा शून्यावर आणला आणि शंभर वेळा बटण दाबायचं ठरवलं. मामा शेजारी उभे राहून मोठ्याने मोजत होते. दुसऱ्या टेबलांवरची मुलंही जमली. मामांनी "शंभर" म्हटलं तेव्हा डिस्प्लेवर शून्य होतं.