धूर एक, हिशेब दोन

दसऱ्याच्या आगेमागे वाशिम, रिसोड, मालेगावकडे सोयाबीनची मळणी उरकते आणि थ्रेशरमागे कुटाराचे ढीग उरतात. ज्यांच्याकडे गुरे आहेत ते थोडे घरी नेतात. बाकीच्या ढिगाला अनेकदा काडी लावली जाते, कारण हरभऱ्यासाठी रान लवकर मोकळे हवे असते. नेमक्या त्याच दिवसांत रात्री गार पडू लागतात. जमिनीलगत थंड, जड हवा आणि तिच्यावर उबदार थर, अशी स्थिती झाली की धूर वर जात नाही. ऊन चढेपर्यंत तो वस्तीवरच पसरून राहतो. वाशिम शहरात त्यात कचऱ्याच्या ढिगाचा, वीटभट्ट्यांचा आणि अकोला-नांदेड महामार्गावरच्या डिझेल गाड्यांचा धूर मिसळतो.

या धुरात काय असते? कुटार कोरडे आणि हवा भरपूर असेल, तर बहुतेक कार्बनचा कार्बन डायऑक्साइड होतो. पण दवाने ओलसर झालेला, दाबून बसलेला ढीग भडकत नाही, धुमसतो. आत ऑक्सिजन अपुरा पडतो आणि कार्बन मोनॉक्साइड, मिथेन व अर्धवट जळालेले बारीक कण बाहेर पडतात. अडीच मायक्रॉनपेक्षा लहान कण थेट फुप्फुसाच्या तळाशी जातात. आपल्या मानकानुसार २४ तासांची त्यांची सरासरी घनमीटरला ६० मायक्रोग्रॅमच्या आत हवी. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये आपली शिफारस १५ वर आणली. ज्वाळेतली काजळी ऊन शोषून हवा तापवते, पण काही दिवसांत खाली बसते. मिथेन मात्र सुमारे १२ वर्षे टिकतो आणि २० वर्षांच्या हिशेबात तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या ८० पटींहून अधिक तापवतो.

कुटारातला कार्बन डायऑक्साइड त्याच हंगामात पिकाने हवेतून घेतलेला असतो आणि पुढचे पीक तो परत घेते. तेवढ्यावरून जाळणे निरुपद्रवी ठरवले तर फसगत होईल. मिथेन आणि काजळी कोणतेच पीक परत घेत नाही, शिवाय कुटारातले नत्र उडून जाते ते वेगळेच.

शहरातला कचऱ्याचा ढीग याहून चिवट. घंटागाडीत ओले-सुके एकत्र पडले की ढिगाच्या पोटात हवा पोहोचत नाही आणि तिथे बिनऑक्सिजनचे जिवाणू मिथेन तयार करतात. उन्हाळ्यात त्याला आग लागते. बंब आला की वरचा थर विझतो, आत प्लास्टिक धुमसतच राहते. म्हणून खरा उपाय आगीच्या आधीचा आहे: ओला कचरा ढिगापर्यंत जाऊच न देणे. तो वेगळा काढून, वरखाली करत, हवा खेळती ठेवून कुजवला तर मिथेन फारच थोडा होतो आणि पेटायला गॅसही उरत नाही. वर्गीकरण २०१६ च्या घनकचरा नियमांतच बंधनकारक झाले होते. वाशिमएवढ्या नगरपरिषदेने पहिला पैसा इथेच घालावा, असे माझे मत आहे.

प्रत्येक उपाय मात्र स्थानिक हवा आणि हवामानबदल या दोन्ही हिशेबांत जमा होत नाही. अकोला जिल्ह्यातल्या पारससारख्या औष्णिक केंद्रात राख धरणारी यंत्रणा चिमणीआधी कण अडवते. कार्बन डायऑक्साइड तसाच सुटतो. शेतीपंपांना दिवसा सौर वीज मिळाली तर कोळसाच कमी जळतो, म्हणजे राख आणि वायू दोन्ही वाचतात. रात्री ओलिताला जाणाऱ्याची विंचू-काट्यातली पायपीट टळते, हा वरचा फायदा.

कारभाराची अडचण अशी की रकाने वेगळे आहेत. २०१९ चा राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम मुख्यतः धूलिकण मोजतो. त्याच्या यादीत शेजारचे अकोला आणि अमरावती आहेत, वाशिम नाही. मुंबईने २०२२ च्या हवामान कृती आराखड्यात कचरा, वाहतूक, ऊर्जा आणि हवेची गुणवत्ता एकत्र घेतली. लहान शहरांना तसे करायला वेगळा आराखडाही लागत नाही. काय जळते, कुठे आणि कोणत्या महिन्यात, एवढी नोंद ठेवली तरी सुरुवात होते.

जाळल्या जाणाऱ्या गोष्टींत कारंजा, मंगरूळपीरकडच्या कपाशीच्या पऱ्हाटीचे गणित अवघड आहे. गुलाबी बोंडअळी तिच्यात तग धरते, म्हणून हंगामानंतर ती शेतात ठेवू नका, असा कृषी विभागाचाच सल्ला असतो. पऱ्हाटी उपटायला हवी, पण जाळायला नको. तिचा भुगा करणारे श्रेडर यंत्र एकट्या शेतकऱ्याला परवडत नाही. गावात ते भाड्याने मिळाले, तरच काडीपेटी खिशात राहील.