इलेक्ट्रॉन शलाकेचे स्थैर्य

वर्तुळाकार कणवेगवर्धकातील किंवा संचय वलयातील इलेक्ट्रॉनांची तीव्र शलाका तिचे आकारमान न वाढता व इलेक्ट्रॉन न गमावता नियोजित कक्षेत दीर्घकाळ फिरत राहणे, म्हणजे शलाकेचे स्थैर्य होय. प्रवाह अल्प असताना प्रत्येक इलेक्ट्रॉन जणू एकटाच फिरतो. तो कक्षेपासून ढळल्यास चुंबक त्याला परत आणतात व तो कक्षेभोवती आंदोलने करीत राहतो. डी. डब्ल्यू. कर्स्ट व आर. सर्बर यांनी १९४१ मध्ये बीटाट्रॉन या यंत्राच्या संदर्भात त्यांचे विवेचन केल्यामुळे त्यांना बीटाट्रॉन आंदोलने म्हणतात. प्रवाह वाढविला, की शलाका स्वतःच्याच विद्युत् चुंबकीय क्षेत्राच्या प्रभावाखाली येते आणि खरी अडचण येथे सुरू होते.

इंदूर येथील राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रातील इंडस-२ या संचय वलयावरून हे स्पष्ट होईल. या वलयात शलाका प्रथम २००५ मध्ये फिरविण्यात आली. वलयाचा परिघ १७२·४७ मी. असून इलेक्ट्रॉन त्यास सेकंदाला सु. १७·४ लाख फेऱ्या घालतात. २०० मिलिअँपिअर प्रवाह असताना वलयात सु. ७२ हजार कोटी इलेक्ट्रॉन असतात. ते एकसंध प्रवाहात नव्हे, तर गुच्छांच्या रूपात फिरतात. लगतच्या दोन गुच्छस्थानांतील अंतर सु. ५९ सेंमी. असते. ऊर्जा पुरविणाऱ्या धातूच्या पोकळीतून गुच्छ गेला, की त्याच्या मागे क्षेत्राचे तरंग क्षणभर उरतात व ते पुढच्या गुच्छाला ढकलतात. झोपाळ्याला वेळ साधून हलके धक्के दिल्यास झोका वाढत जातो, तसे हे धक्के आंदोलनांशी जुळले, तर शलाका फुगते किंवा नलिकेच्या भिंतीवर आदळून नष्ट होते. प्रयोगकर्त्याला प्रखर प्रारण हवे म्हणून प्रवाह वाढवावा, तर स्थैर्यच धोक्यात येते.

निसर्गाने यावर एक उपाय ठेवला आहे. वळताना इलेक्ट्रॉन प्रारण उत्सर्जित करतात व त्यामुळे आंदोलने मंदावतात. इंडस-२ मध्ये पूर्ण ऊर्जेला, म्हणजे २५० कोटी इलेक्ट्रॉन व्होल्टला, मंदनास सु. ५ सहस्रांश सेकंद पुरतात. परंतु शलाका वलयात सोडली जाते ती ५५ कोटी इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेची असते. मंदनकाल ऊर्जेच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात असल्याने तो तेथे सु. ९४ पट, म्हणजे जवळजवळ अर्धा सेकंद भरतो. तेवढ्या वेळात शलाका सु. साडेसात लाख फेऱ्या घालते. अस्थैर्य बळावण्यास इतका अवधी पुष्कळ होतो. म्हणून प्रवाह साठविण्याची सुरुवातीची पायरीच सर्वांत नाजूक असते.

पोकळीचे तापमान किंचित बदलून तिच्या घातक कंप्रता शलाकेच्या कंप्रतांपासून दूर सरकवितात. दुसऱ्या यंत्रणेत प्रत्येक गुच्छाचे विचलन मोजून पुढील फेऱ्यांत त्याला विरुद्ध धक्का देतात. षट्‌ध्रुवी चुंबकांच्या योजनेने गुच्छाच्या अग्रभागाने पुच्छभागाला हेलकावणे टाळता येते. नलिकेत उरलेल्या वायूचे धन आयन शलाकेकडे ओढले जाऊन तिला अस्थिर करतात. त्यांना निसटता यावे म्हणून काही गुच्छस्थाने रिकामी सोडतात.

स्थिर शलाकाही कायम टिकत नाही. गुच्छातील इलेक्ट्रॉन परस्परांवर आदळून थोडेथोडे बाहेर पडतात. ब्रूनो टूशेक यांच्या नावाने ओळखला जाणारा हा परिणाम १९६३ मध्ये अडा या लहानशा संचय वलयात प्रथम आढळला.