ई-मेलचे कुलूप आणि मोहर : व्यापाऱ्यांनी काय जाणून घ्यावे?

पूर्वी पेढीवर हुंडी आली की मुनीम आधी दस्तखत पाहत असे, रक्कम नंतर. दस्तखताची खातरजमा झाल्याशिवाय गल्ल्यातून पैसा निघत नसे. आज भाव, बिल, बँकेचा खाते क्रमांक सारे ई-मेलने येते आणि आपण पाठवणाऱ्याचे नाव वाचूनच पैसे पाठवतो.

ठगांची रीत अशी असते. पार्टीच्या ई-मेलचा पासवर्ड चोरून चोर काही दिवस नुसता पत्रव्यवहार वाचत बसतो. पेमेंटची तारीख जवळ आली की लिहितो, "आमचे बँक खाते बदलले आहे, रक्कम नव्या खात्यावर पाठवावी." सुताच्या एका बिलापोटी असा मेल माझ्याकडेही आला होता. बिल नंबर बरोबर, रक्कम बरोबर, पत्ताही पार्टीचाच. आरटीजीएसचा फॉर्म भरून झाला होता. माल कधी निघतो हे विचारायला फोन केला, म्हणून रक्कम वाचली. पार्टीने खाते बदललेच नव्हते.

अशा फसवणुकीवर दोन साधने आहेत. एक एन्क्रिप्शन, म्हणजे मजकुराला कुलूप. ज्याच्यासाठी पत्र आहे तोच ते वाचू शकतो. दुसरी डिजिटल सही, म्हणजे मोहर. पत्र कोणाचे आहे आणि वाटेत त्यात फेरफार झाला का, हे तिच्यावरून कळते. भाव गुप्त ठेवायचा असेल तर कुलूप हवे. पण पैसे कोणाच्या सांगण्यावरून पाठवायचे, हा प्रश्न मोहरेचा आहे.

दोन्हींच्या मुळाशी चाव्यांची जोडी असते. ही कल्पना १९७६ साली डिफी आणि हेलमन या अमेरिकन संशोधकांनी जगापुढे मांडली. १९९१ साली फिल झिमरमन यांनी पीजीपी हा प्रोग्राम काढून ती सामान्य माणसाच्या हाती दिली. जोडीतली सार्वजनिक चावी सर्वांना वाटायची, खासगी चावी फक्त आपल्या संगणकात ठेवायची. पार्टी आपल्या सार्वजनिक चावीने मजकूर बंद करते, तो उघडतो फक्त आपल्या खासगी चावीने. सहीचे याच्या उलट आहे. सही आपल्या खासगी चावीने होते आणि सार्वजनिक चावीने कोणीही ती तपासू शकतो. मजकुरातला एक आकडा बदलला तरी सही जुळत नाही. खासगी चावी संगणकात असल्यामुळे, केवळ ई-मेलचा पासवर्ड चोरणाऱ्याला आपली सही करता येत नाही.

थंडरबर्ड या मोफत ई-मेल प्रोग्राममध्ये २०२० सालच्या ७८व्या आवृत्तीपासून ही सोय आतच आहे. अकाउंट सेटिंग्जमध्ये 'एंड-टू-एंड एन्क्रिप्शन' उघडून 'ॲड की' दाबावे आणि नवी ओपनपीजीपी चावी तयार करावी. मग सार्वजनिक चावी मेलला जोडून पार्टीला पाठवावी आणि तिची मागवून घ्यावी.

खरी मेख इथेच आहे. चोरही पार्टीच्या नावाने स्वतःची चावी पाठवू शकतो. म्हणून प्रत्येक चावीला 'फिंगरप्रिंट' नावाचा अक्षरे-आकड्यांचा लांब क्रमांक असतो. तो पार्टीशी फोनवर बोलून जुळवावा आणि मगच चावी स्वीकारावी. फोन जुन्या बिलबुकातल्या नंबरवर करावा, त्याच मेलमध्ये दिलेल्या नंबरवर नव्हे. एकदा जुळवलेली चावी पुढे प्रत्येक पत्राला कामी येते. नेहमी मोहर लावणाऱ्या पार्टीचे बिनमोहरेचे पत्र आले, तर तिथेच थांबावे.

काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. कुलूप लावले तरी पत्र कोणी कोणाला आणि केव्हा पाठवले, हे लपत नाही. खासगी चावीची प्रत पेन ड्राइव्हवर पासवर्डसह जपून ठेवावी. ती हरवली तर कुलूपबंद जुनी पत्रे पुन्हा उघडत नाहीत. संगणकालाही पासवर्ड हवाच, कारण चालू संगणक परक्याच्या हाती गेला तर मोहरही त्याच्या हाती जाते.

ही घरी बनवलेली चावी म्हणजे कायद्याने मान्य केलेली सही नव्हे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० खालील डिजिटल सहीसाठी परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र लागते. सरकारी विवरणपत्रांसाठी यूएसबी टोकनवर घेतो तेच हे प्रमाणपत्र. थंडरबर्डमधली चावी आपसातल्या ओळखीची आहे.

कायम व्यवहार असलेल्या दोन-तीन पार्ट्यांपासून सुरुवात करावी. बाकीच्यांबाबत नियम एकच : खाते बदलल्याचा मेल आला की आधी फोन, मग पैसे. खरी पार्टी अशा फोनने नाराज होत नाही.